बारावं वाक्य

मित्रांनो, त्या सभागृहात दोनशे ऐंशी खुर्च्या होत्या, चार दारं, एक घड्याळ, सभापतींचं एक उंच आसन आणि मधोमध लघुलेखकांचं एक टेबल. प्रत्येक खुर्चीपुढे एक माईक होता. त्यातला एकशे अठरा क्रमांकाचा, टेबलापासून बरोबर बारा फुटांवरचा, जुना माईक तो मी.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. माझ्या पोटात एक पातळ पडदा आहे. कुणी बोललं की तो थरथरतो, एवढंच माझं काम. चांगलं काय, वाईट काय, हे पडद्याला कळत नाही. पहिली काही वर्षं माझं फार कौतुक झालं. "एकशे अठराचा आवाज कसा खणखणीत येतो!" असं आमची यंत्रणा सांभाळणारे तंत्रज्ञ काका सगळ्यांना सांगत. ते रोज सकाळी मला मऊ फडक्याने पुसत. पुढे नवी यंत्रणा आली. वेळ संपली की माईक आपोआप बंद होऊ लागला. काकांच्या हातात फक्त फडकं उरलं, मग तेही कमी झालं.

आमच्याकडे एक पक्का नियम होता. माझा लाल दिवा चालू असताना बोललेलं नोंदीत जायचं. दिवा विझल्यावर बोललेलं जायचं नाही. लघुलेखिका ताईंनी हा नियम एकोणीस वर्षं पाळला. मोठमोठे मंत्री टेबलाशी येऊन म्हणत, "ताई, बोललो होतो हो मी, लिहा ना." ताई म्हणत, "दिवा बंद होता, साहेब."

एका वर्षी एक विधेयक आलं. धर्मावरून कुणावर हल्ला झाला, तर शिक्षा जास्त कडक असावी, असं त्यात होतं. चर्चा तीन दिवस चालली.

"आमच्या धर्मगुरूंनी ग्रंथातलं एक वचन वाचलं, म्हणून उद्या त्यांना तुरुंगात टाकणार का?" एकाने विचारलं.

"आणि प्रार्थना करून माणूस धड घरी पोचावा, हे स्वातंत्र्यात बसत नाही का?" दुसऱ्याने विचारलं.

दोघांच्याही वेळी आवाज मोजणाऱ्या मापकाचा काटा ऐंशीवर होता.

ताईंचा धाकटा भाऊ चष्म्याची भिंगं घासायचा. आदल्या वर्षी प्रार्थनेहून परतताना चौघांनी त्याला मारलं. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं तेव्हापासून वळत नाहीत. पोलिसांच्या कागदावर मात्र 'गाडी लावण्यावरून भांडण' असं लिहिलं गेलं. त्याने आपली हकिगत बारा वाक्यांत लिहून एकशे अठरा क्रमांकाच्या सदस्यांकडे पाठवली. ते निवृत्त शिक्षक होते, सगळे त्यांना मास्तर म्हणत. ती कुणाच्या भावाची आहे, हे मास्तरांना ठाऊक नव्हतं. काकांना ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी काका मला पुसता पुसता ताईंना म्हणाले, "अगं, आजच्या दिवस पाळी बदलून घे ना."

"नको. दुसऱ्या कुणी लिहिलं आणि एखादा शब्द सुटला म्हणजे?" ताई पेन्सिलींना टोक करत होत्या. "तो म्हणतो, एका तरी सरकारी कागदावर खरं लिहिलेलं असू दे. शेवटचं वाक्य तेवढं नीट घे, म्हणाला."

ती हकिगत वाचायला मास्तरांना चार मिनिटं मिळाली होती. ते उभे राहिले. माझा दिवा लागला. त्यांनी टेबलाकडे पाहिलं आणि वर्गात बोलावं तसं मायेने म्हणाले, "ताई, मी सावकाश वाचतो हं. तुमचं काही सुटायला नको."

आणि त्यांनी प्रत्येक वाक्य दोनदा वाचलं. शुद्धलेखन घालतात तसं.

ताई मिनिटाला एकशे चाळीस शब्द घेत. दुसऱ्यांदा वाचलेलंही त्यांनी पुन्हा लिहिलं, कारण दिवा चालू होता. एकदाच वाचलं असतं, तर सगळं सव्वादोन मिनिटांत संपलं असतं. अकरावं वाक्य दुसऱ्यांदा संपलं आणि माझा दिवा विझला.

"सभापती महोदय, एकच ओळ राहिली आहे. निदान हा कागद नोंदीला जोडायची परवानगी द्या."

ही विनंतीही बंद माईकवरच झाली.

"वेळ संपली. सन्माननीय सदस्यांनी खाली बसावं."

"मास्तर, तास संपला, घंटा झाली!" समोरून कुणीतरी ओरडलं. सभागृह हसलं.

मास्तरांनी उभ्यानेच, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात, बारावं वाक्य वाचलं: "गाडीचं कुणीच काही बोललं नाही, मारण्याआधी त्यांनी फक्त माझं नाव विचारलं."

बारा फुटांवर ताईंना ते स्पष्ट ऐकू गेलं. पेन्सिल कागदाच्या वर थांबली होती. मग त्यांनी लिहिलं, '(माईक बंद.)' आणि पान उलटलं.

संध्याकाळी मतदान झालं. बाजूने एकशे अठ्ठावीस, विरोधात एकशे तेहतीस.

त्याच वर्षी सगळे माईक बदलले. मी तळघरातल्या फळीवर आलो. मित्रांनो, माझं मागणं थोडंच आहे. माईक कोरड्या फडक्याने पुसा, त्याची वायर ओढू नका. आणि कुणाचा दिवा विझवण्याआधी त्याच्या हातातल्या कागदावर किती ओळी उरल्या आहेत, तेवढं पाहा.

परवा ताई तळघरात आल्या. त्यांच्या निवृत्तीला आठवडा राहिला होता.

"काका, हा चालतो का हो अजून?"

काकांनी बाहीने माझ्यावरची धूळ पुसली आणि मला मापकाला जोडलं. "चालेल. पण पुढे काहीच जोडलेलं नाही हं. नुसता काटा हलेल."

"हलू दे."

माझा दिवा लागला. ताईंनी बाराव्या वाक्याचे ते अकरा शब्द म्हटले. एकदाच.

काटा सात सेकंद साठ आणि पासष्टच्या मध्ये होता. मग शून्यावर आला.