माझ्या मागे किती जण आहेत?

मी आरसा बोलतोय. घ्या, आधी केस नीट करून घ्या. लाजू नका, सगळे तेच करतात. माझ्यासमोर आलेला माणूस आधी भांग बघतो, मग दात, मग उगाच मान ताठ करतो, आणि मग कुठे त्याच्या लक्षात येतं की आपण कुणाचं तरी ऐकायला थांबलो होतो. मी वाट बघतो. त्यात माझा हात कुणी धरणार नाही.

माझा जन्म काचेच्या कारखान्यातला. भट्टी, घासकाम, पाठीवर चमकता लेप आणि त्यावर तपकिरी रंगाचा हात. तिथल्या कामगाराने मला पहिल्यांदा उभं केलं, माझ्यात बघून नाक पुसलं आणि "पुढचा" म्हणाला. एवढंच काय ते माझं कौतुक.

तिथून मी आलो तो थेट सलूनमध्ये. सलूनच्या मालकांना सगळे दादा म्हणतात, मीही म्हणतो. दादांनी चार स्क्रू पिळून मला भिंतीवर बसवलं, दोन पावलं मागे जाऊन बघितलं, डावीकडे झुकलोय म्हणून पुन्हा काढून पुन्हा बसवलं. त्याच आठवड्यात रस्त्यापलीकडच्या सरकारी दवाखान्यात त्यांना मुलगी झाली. धावत दुकानात आले, माझ्यात बघितलं आणि स्वतःलाच म्हणाले, "बाप झालास की रे." त्या मुलीला सगळ्यात आधी हातात घेतलं ते दादांच्या थोरल्या बहिणीने. ती त्याच दवाखान्यात, बाळंतपणाच्या वॉर्डात सिस्टर होती. सगळं गाव तिला ताई म्हणायचं.

आता जरा माझी जागा समजून घ्या, कारण सगळी रड तिथेच आहे. मी दाराच्या बरोबर समोरच्या भिंतीवर. माझ्यापुढे खुर्ची. खुर्चीतल्या माणसाचं तोंड माझ्याकडे आणि पाठ रस्त्याकडे. त्याला माझ्यात स्वतःचा चेहरा दिसतो आणि खांद्यावरून पलीकडे दवाखान्याचं फाटक. फाटकातून आत वॉर्डाचं दारही दिसतं. तेवीस वर्षं या गावाने ते फाटक माझ्यातूनच बघितलं. मान वळवून कोण बघणार? मानेवर वस्तरा असतो.

दादांची लेक, चिऊ, माझ्या डोळ्यांदेखत मोठी झाली. खुर्चीच्या दोन हातांवर फळी टाकून दादा तिला वर बसवायचे. केस कापताना ती साबणाचा फेस बोटावर घेऊन माझ्या अंगावर मिशा काढायची आणि बरोबर आपलं तोंड त्या मिशांखाली आणून बसायची. दादा खोटं खोटं रागवायचे. पुढे ती दोन गल्ल्या सोडून सासरी गेली, पण दर आठवड्याला यायचीच.

गेल्या वर्षी त्या वॉर्डाच्या दाराला कुलूप लागलं. डॉक्टर नाहीत म्हणून वॉर्ड तात्पुरता बंद, असा कागद चिकटवला. तात्पुरता कागद उन्हाने पिवळा पडला, पावसाने फाटला, कुलूप मात्र तसंच. खोकला-तापाला आठवड्यातून दोनदा डॉक्टर येत. बाळंतिणीने शहरात जायचं, दोन तासांच्या रस्त्याने. ताई तोवर निवृत्त झाल्या होत्या. त्यांनी घरातली लोखंडी खुर्ची आणली, फाटकाशी मांडली आणि मांडीवर पाटी घेऊन बसल्या: 'बाळंतपणाचा वॉर्ड उघडा.' रोज दहा ते एक.

माझ्यात ती पाटी उलटी दिसायची. पण महिन्याभरात गिऱ्हाइकं ती उलटी अक्षरं घडाघडा वाचायला शिकली. सुलटी वाचायला कुणी बाहेर गेलं नाही.

दर शनिवारी एक कारकून दाढीला यायचा. भला माणूस, गोड बोलायचा. खुर्चीत बसला, गळ्याभोवती कपडा गुंडाळला, की माझ्यातून ताईंकडे बघून म्हणायचा, "हे बरोबर नाही. कुणीतरी काहीतरी केलं पाहिजे." मी त्याचं नावच 'कुणीतरी' ठेवलं. पण त्याला एकट्याला का नावं ठेवू? खुर्चीत बसणारा जो तो तेच म्हणायचा. दादाही हात चालवता चालवता हुंकार भरायचे.

मग एका गवंड्याची बायको शहराच्या वाटेवर टेंपोतच बाळंत झाली. बाळ जगलं, ती गेली. दुसऱ्या दिवशी माझ्यात चारशे माणसं मावेनात. ताई मधोमध, भोवती बायका, पुढे तो गवंडी, छातीशी ते एवढंसं गाठोडं. घोषणांनी माझी काच थरथरत होती. त्या दिवशी मला खरंच वाटलं, आता झालं. एवढं डोळ्यांनी बघितल्यावर कुणाचा पाय घरात राहील?

खुर्चीत 'कुणीतरी' होता. डोळे पुसत म्हणाला, अंगावर काटा आला. दादांचा हात थांबला. त्यांनी वस्तरा ठेवला, हात पुसले आणि उंबऱ्यापर्यंत गेले. एक पाय बाहेर टाकला. मी बघत होतो हो. तेवढ्यात मागून आवाज आला, "दादा, एक बाजू राहिलीय." दादांनी पाय आत घेतला. दाढी पुरी केली, तुरटी फिरवली, आणि मग म्हणाले, "एवढे लोक आहेत की. माझ्यावाचून काय अडतंय."

एक साहेब आला, निवेदन घेतलं, पंधरा दिवसांत बघतो म्हणाला. दुसऱ्या दिवशी चाळीस माणसं होती. चौथ्या दिवशी अकरा. पंधरवडा संपला तेव्हा पुन्हा एकट्या ताई. आणि आता माझ्यासमोरची माणसं काय म्हणू लागली ठाऊक आहे? "एकटी बाई काय करणार?" चारशे होते तेव्हा आपली गरज नव्हती, एक उरली तेव्हा आपला उपयोग नव्हता. मधला कुठला आकडा यांना हवा होता, ते मला आजतागायत उमगलेलं नाही.

मला दोष द्या, मी घेईन. मी सगळं दाखवलं, अगदी स्वच्छ दाखवलं. दादा रोज सकाळी ओल्या कागदाने मला पुसत. पण बघून बघून माणसाला वाटायला लागतं, आपण काहीतरी केलं. हळहळला, मान हलवली, सुस्कारा टाकला, आणि हलका होऊन उठला. माझ्यासमोर बसून किती जण असे हलके होऊन गेले, मोजदाद नाही. अरे, ती बाई तिथे उन्हात बसलीय आणि तुम्हाला बरं वाटतंय? मी ओरडायचो. आरशाचं ओरडणं कुणाला ऐकू जातं?

एक वाजता ताई पाणी प्यायला दुकानात यायच्या. एकदा दुकानात दुसरं कुणी नव्हतं. पाणी पिऊन त्या म्हणाल्या, "तू मला दिवसभर आरशातून बघतोस. मला तिथून दिसतं."

दादा वस्तऱ्याला धार लावत राहिले. म्हणाले, "दुकान सोडून कसा येऊ, ताई? आणि मी येऊन काय होणार आहे?"

"काही नाही होणार. एकाचे दोन होतील."

 ताईंनी पेला विसळून पालथा घातला आणि गेल्या.

त्याच सुमारास चिऊला दिवस गेले. पाचव्या महिन्यात ती एका सकाळी दुकानात न येता परस्पर आत्याशेजारी जाऊन बसली. दादांना ती माझ्यात दिसली आणि ते ताडकन बाहेर गेले. वर्षभरात पहिल्यांदा त्यांनी तो रस्ता ओलांडला, तोही तिला उठवून आणायला. म्हणाले, या अवस्थेत उन्हात बसायचं नाही, तुझ्या बाळंतपणाचं मी बघतो, गाडी सांगून ठेवलीय. चिऊ खुर्चीत बसून माझ्यात बापाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "बाबा, ज्यांच्याकडे गाडी नाही, त्यांचं कोण बघणार?" दादा म्हणाले, पाणी पी आधी.

आठव्या महिन्यातला तो शनिवार. सकाळचे अकरा. 'कुणीतरी' खुर्चीत, एका गालाची दाढी झालेली, दुसऱ्या गालावर फेस. जावई धापा टाकत दारात आला. चिऊला अचानक रक्त जायला लागलं होतं. दादांनी वस्तरा टाकला आणि धावले. या वेळी एक बाजू राहिलीय असं कुणी म्हणालं नाही.

दोन मिनिटांत गाडी आली आणि थांबली कुठे, तर समोरच्या फाटकाशी. वेड्यासारखं. सगळ्यांना ठाऊक होतं तिथे कुलूप आहे. पण पोर त्याच दाराआड जन्मली होती, बापाचे पाय तिकडेच वळले. दादा आत धावले आणि दोन्ही हातांनी ते कुलूप हिसडत राहिले. चौकीदाराकडे किल्ली नव्हती. ताईंनी गाडीत वाकून चिऊच्या पोटावर हात ठेवला, एक क्षण, आणि ओरडल्या, "वेळ घालवू नका, शहरात चला." पाटी खुर्चीवर टाकून त्या गाडीत चढल्या.

दोन्ही फुटपाथ माणसांनी भरले होते. सगळे बघत होते. काहींनी मोबाईल उंच धरले होते. 'कुणीतरी' गालावरच्या फेसासकट दारात उभा होता, आणि मी त्या सगळ्यांना भिंतीवरून बघत होतो. आमच्यात फरक असलाच तर इतकाच की मला पाय नव्हते.

औषधवाल्या शेजाऱ्याने शटर ओढलं. नऊ दिवस अंधार. अंधारात आरसा आणि भिंत सारखीच.

दहाव्या दिवशी दादांनी शटर उघडलं. दाढी वाढलेली. मला पुसलं नाही. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत ते स्वतः बसले, तेवीस वर्षांत पहिल्यांदा, आणि माझ्यातून फाटकाकडे बघत राहिले. ताई पुन्हा तिथे बसायला लागल्या होत्या. एक वाजता त्या आल्या, तेव्हा दोघांच्या बोलण्यातून मला सगळं कळलं. शहर अजून अर्ध्या तासावर होतं तेव्हा बाळाची हालचाल थांबली. मुलगी होती. चिऊ वाचली. घरी आहे, कुणाशी बोलत नाही.

"मी यायला हवं होतं," दादा म्हणाले. ताई तुटकपणे म्हणाल्या की तू आला असतास तरी कुलूप निघालंच असतं असं नाही. आणि मग म्हणाल्या, "पण मी इतकी एकटी नसते."

दादा उठले. खणातून पेचकस काढला. चार स्क्रू, एकेक करून. शेवटच्याला मी थोडा घसरलो आणि माझा खालचा कोपरा तडकला. दादांनी मला छातीशी धरलं आणि रस्ता ओलांडला. फाटकाशी त्यांनी मला रस्त्याकडे तोंड करून उभं केलं आणि स्वतः मागून धरून उभे राहिले. ताईंनी विचारलं, हे काय रे?

दादा म्हणाले, "वर्षभर तुला मी यातून बघितलं. आता यांना स्वतःला बघू दे."

गर्दी जमली. जमणारच, तमाशा म्हटला की लोक लागतातच. कुणी म्हणालं, पोरीच्या दुःखाने डोक्यावर परिणाम झाला. मी आपला श्वास रोखून होतो. आता तरी यांना तोंड उघडं टाकून बघणारे आपले चेहरे दिसतील, आता तरी लाज वाटेल. एक तरुण पुढे आला. अगदी जवळ. माझ्यात बघितलं, खिशातून कंगवा काढला, भांग पाडला आणि गेला. त्याच्यामागून एक बाई आली, तिने पदर सारखा केला. कुणी कॉलर, कुणी चष्मा. मला फुटून जावंसं वाटलं.

इथे फाटकाशी आज सोळावा दिवस. उन्हाने माझ्या पाठीवरचा लेप कडेने सुटतोय, काळे डाग पुढे सरकतायत. धूळ रोज बसते. समोर दादांचं दुकान दिसतं, बंद, आणि फुटपाथवर उभे राहून बघणारे तुम्ही सगळे. पण दादा दिसत नाहीत, ताई दिसत नाहीत. आरशाला आपल्या मागचं दिसत नाही. दादा मला धरायची जागा सारखी बदलू लागले की मला कळतं, ते थकलेत. ताईंचा खोकला ऐकू येतो.

परवा 'कुणीतरी' आला. दाढी वाढलेली, दोन्ही गालांवर. बराच वेळ माझ्यात बघत राहिला. केस नीट केले नाहीत. काही बोललाही नाही. मग डावीकडे सरकला आणि मला दिसेनासा झाला. घरी गेला, की वळसा घालून मागे आला? मला माहीत नाही. तेव्हापासून माझी एक कड थोडी घट्ट धरल्यासारखी वाटते, पण तो माझा भासही असेल. मी म्हातारा झालोय, तडकलोय, आशेवर माझा फारसा विश्वास उरलेला नाही.

तुम्ही समोर आहात, तुम्हाला दिसत असेल. पाया पडतो, सांगा मला, माझ्या मागे किती जण आहेत? अजून दोघंच असतील तर तेही सांगा, मी ऐकून घेईन. फक्त मान हलवून हळहळू नका, ते मी वर्षभर बघितलंय. केस नीट झाले असतील तर माझ्यासमोरून जरा बाजूला व्हा, आणि इकडे मागे या. दादांचे हात भरून आलेत.