इस्त्रीखालचे तांदूळ

"तासभर हात मोडून ढवळायचं आणि वर खायचं गार करून. गरम खाल्लं तर काय पोट ओळखणार नाही?" सासूबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या.

फिरनीचा हट्ट मास्तरांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा. शिंप्याचं दुकान सोडून माणूस सकाळीसकाळी स्वयंपाकघरात, यावर आम्ही दोघी चकार शब्द बोललो नव्हतो. दोन महिने कापायच्या टेबलावर शाळेच्या बँडच्या कोटांचं निळं कापड तसंच पडून होतं. एक दिवस उजेड बरोबर नसायचा, दुसऱ्या दिवशी कात्री बोथट. कात्रीला धार लावून आणली, तर कापड पाण्यातून काढायचं राहिलेलं. आम्ही माना डोलवायचो. मास्तर हल्ली कप दोन्ही हातांनी धरतात, तेही आम्हाला दिसत नव्हतं.

मला कापता येतं. वीस वर्षं काजं-बटणं करता करता त्यांच्या खडूवर नजर ठेवून शिकले. कात्री हवी होती मला, फार हवी होती. पण मागितली असती तर का मागते, तेही बोलावं लागलं असतं.

फिरनीचे तांदूळ भिजवून, सुकवून रव्याइतके जाडसर वाटायचे. पण सुकायला वेळ लागतो, आणि मास्तरांना कुठला दम! ओले तांदूळ दोन फडक्यांत घालून त्यांनी वरून गरम इस्त्री फिरवली.

"कापडातलं पाणी जातं, मग तांदळातलं का जाणार नाही?"

पाणी गेलं, तांदूळही अर्धेमुर्धे शिजले. दुधात पडताच गुठळ्याच गुठळ्या.

"कॉलरला लाव ही खळ," सासूबाई म्हणाल्या. "कडक उभी राहील."

दुसऱ्या खेपेला तांदूळ मी पंख्याखाली सुकवले, वाटले, गार दुधात कालवले आणि उकळत्या दुधात बारीक धार सोडली. मास्तरांनी डाव उचलला. तो पातेल्याच्या कडेवर खडखड, खडखड वाजू लागला. सासूबाईंनी रेडिओ मोठा केला.

"अहो, आणा इकडे."

"तुला नाही जमायचं. तळाला लागेल."

"लागली तर मी खाईन."

डाव मी काढूनच घेतला. पाऊण तास तळ खरवडत, आठचा आकडा काढत ढवळलं. दंड भरून आले. फिरनी डावाला धरू लागली, तेव्हा साखर टाकली, वेलदोडा टाकला. तळाला एक कण लागला नाही! पातेलं वाकडं करून मी ते सासूबाईंना मुद्दाम दाखवलं. "बघितलं गं बाई, बघितलं," त्या म्हणाल्या, पण हसू लपेना.

वाट्या चार तास फ्रिजमध्ये राहिल्या. बाहेर काढल्या तेव्हा वरची साय अशी सपाट, जणू कुणी इस्त्री केली होती, पण या खेपेला कुणी केली नव्हती.

मास्तरांनी एक वाटी उचलून तिरकी धरली. वाटी थरथरत होती. आतली फिरनी जागची हलली नाही. ते बघतच राहिले. मग चमचा भरून तोंडात घातला, डोळे मिटले, आणि दुसरा चमचा, तिसरा. सासूबाईंचा हात रेडिओकडे गेला.

"राहू दे, आई," मास्तर म्हणाले. वाटी त्यांनी खाली ठेवली, दोन्ही हात आम्हा दोघींना दिसतील असे टेबलावर पसरले आणि माझ्याकडे बघितलं. "माझा हात थरथरतो. आता कापायला जमत नाही मला. बँडचे कोट उद्या तू काप."