शिपायाचा नवा कोट

अर्धांगाचा झटका आल्यापासून शिंपीमास्तरांचा उजवा हात मांडीवर पडून असायचा, कुणीतरी विसरून गेलेल्या सामानासारखा. ज्या हाताने आयुष्यभर कोट कापले, त्याला आता साधं बटणही धरवत नव्हतं. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी रबरी चेंडू देऊन थकली. शेवटी तिने मोबाइलवर एक खेळ घालून दिला.

खेळ कपभर चहाच्या पैशात मिळालेला, आणि दिसायलाही तसाच. वर मोठ्या डोक्याचा, बनियनवरचा शिपाई. खाली रंगीत खडे. बोटाने सरकवून तीन सारखे खडे एका ओळीत आणायचे. तलवारीचे जुळले की शिपाई वार करणार, ढालीचे जुळले की वाचणार. लढाई जिंकली की त्याचं बळ वाढायचं आणि नवे कपडे मिळायचे.

"उजव्याच हाताने खेळायचं, काका," मुलगी म्हणाली. "बोट आणि अंगठा चालला तर कात्री धराल. पण जे काय व्हायचं ते या पहिल्या काही महिन्यांतच. नंतर हात जिथे आहे तिथेच राहतो."

मास्तरांनी शिपायाचं नाव 'मास्तर' ठेवलं आणि पहिल्याच लढाईत एका बेडकाने त्याला लोळवलं. दुसऱ्यांदाही, तिसऱ्यांदाही. मग त्यांनी मोबाइल पालथा घातला आणि भिंतीकडे तोंड करून पडले. गिऱ्हाइकापुढे कधी हार न गेलेला माणूस बेडकापुढे हरला होता. शेजारी बसून काजं करणाऱ्या त्यांच्या बायकोला ते बघवलं नाही.

दुपारी त्यांचा डोळा लागलेला पाहून तिने मोबाइल उचलला आणि बाहेरच्या खोलीत गेली. एवढ्या एका बेडकाचा काटा काढू, म्हणजे त्यांना पुढचं सोपं जाईल, असा तिचा हिशेब. पण बेडकामागून वटवाघूळ आलं, त्यामागून दगडी राक्षस. सुईला सरावलेली तिची बोटं झरझर चालायला लागली. "ये ना, बघतेच तुला," ती राक्षसाला दटावायची आणि तो पडला की खुदकन हसायची. बाईंना चांगलीच चटक लागली.

मग रोज दुपारी हेच. संध्याकाळी मास्तर खेळायला बसत तेव्हा शिपाई असा दणकट झालेला असे, की एक ओळ जुळली की समोरचा आडवा. मास्तर जिंकले की तिचा जीव सुपाएवढा व्हायचा. माया आंधळी असते म्हणतात. ही तर हात धुऊन मागे लागली होती.

पुढच्या तपासणीला मुलीने मास्तरांचा अंगठा दाबून पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. "काका, काहीच फरक नाही. खेळता ना?"

"रोज. भलेभले राक्षस लोळवतो."

तिने मोबाइल पाहिला. "हे तर फुंकर मारली तरी पडतील. बोटाला काम काय उरलं?"

मुलगी गेल्यावर बायकोने हातातलं कापड बाजूला ठेवलं. करायला गेली एक आणि झालं भलतंच. "अहो, मीच खेळत होते," ती म्हणाली. "तुम्ही झोपलात की. तुमचा हात मीच बसवून ठेवला." आणि तिला रडू कोसळलं.

"ठाऊक आहे," मास्तर म्हणाले. "मी शिंपी आहे. शिपाई दुपारी सदऱ्यावर होता, संध्याकाळी कोटात. मला कळणार नाही?"

"मग बोलला का नाहीत?"

"मी आजारी पडल्यापासून तू हसली नव्हतीस. बाहेरून तुझं हसू ऐकू यायचं. म्हणून डोळे मिटून पडायचो."

दोघंही एकाच माळेचे मणी. एकमेकांना जपता जपता एक हात घालवायला निघाले होते.

"नव्याने सुरू करू," मास्तर म्हणाले. जुना शिपाई पुसायचा तर बटण दाबून धरावं लागत होतं. अंगठा थरथरला, घसरला. परत घसरला. तिचा हात आपसूक पुढे गेला. मग तिने तो मागे घेतला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली. संसारात तिने बरीच कष्टाची कामं केली होती, पण इतकं जड काम हेच.

अखेर कोटवाला शिपाई पुसला गेला. खेळाने नवं नाव विचारलं. मास्तर त्याच अंगठ्याने एकेक अक्षर शोधू लागले. एवढ्यात चहा झाला असता, पण ती उठली नाही. नाव उमटलं: टाचणी. लग्नाच्या वेळी ती बारीक होती आणि बोलायची टोचून, म्हणून त्यांनीच तिला ठेवलेलं नाव. झटक्यानंतर ते त्यांच्या तोंडून आलंच नव्हतं.

बनियनवरची टाचणी लढायला उभी राहिली आणि बेडकाने तिला लोळवलं.

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. तिचे डोळे वाहत होते, हात मांड्यांखाली होते.

"पडू दे," ती म्हणाली. "तिला सवय आहे. उठवा परत."

मास्तरांनी अंगठा पुन्हा खड्यावर टेकवला.