डाव्या डोळ्याची सूज

जयवंताच्या डाव्या डोळ्याची वरची पापणी कानाकडच्या बाजूनं सुजून खाली उतरली, आणि आमच्या अख्ख्या गल्लीनं ठरवून टाकलं की ज्योतिबानं बायकोला मारलं. ज्योतिबा म्हणजे मी, जयवंता माझी बायको. दिवसभर पॉवरलूमच्या खडखडाटानं कान किटलेले असतात, त्यात आता ही कुजबुज.

आठ दिवस आम्ही रांजणवाडी समजून लवंग उगाळून लावली. सूज वाढतच गेली. शेजारची नागुबाई रोज यायची, आधी जयवंताकडं बघायची, मग माझ्याकडं. निपाणीहून मेव्हणा यल्लाप्पा आला. बहिणीचा डोळा पाहून चहा न घेताच उठला. मी हात लावला नव्हता, पण किती जणांना सांगत बसू? वैताग आला होता. हा मार नाही असं डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यायचं आणि तो यल्लाप्पाच्या हातात ठेवायचा, एवढंच डोक्यात होतं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बसवलं. मध्ये नुसता पडदा.

"कुणी मारलंय का?" त्यांनी हळूच विचारलं.

"ह्या बारीला न्हाय," जयवंता म्हणाली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग मला आत बोलावलं. बाईंनी पापणी उचलून कोपऱ्यातला लाल फुगवटा दाखवला. "डोळ्यातलं पाणी तयार करणारी ग्रंथी इथं असते. तिला सूज आलीय. रांजणवाडी नाही, आणि मारही नाही." कानापुढं गाठ आलीय का ते त्यांनी चाचपलं, गोळ्या दिल्या, गरम शेक सांगितला. आठवड्यात उतरलं नाही तर स्कॅन करू, लागलं तर ग्रंथीचा तुकडा तपासू म्हणाल्या. लिहून द्या म्हणायला माझं तोंड उघडलं नाही.

सहाव्या दिवशी डोळा नीट उघडला. संध्याकाळी यल्लाप्पा आला. जयवंतानंच त्याला ग्रंथीचं सांगितलं आणि चहा ठेवायला आत गेली.

"दाजी, चुकलं माझं," तो खाली मान घालून म्हणाला. "उगंच संशय घेतला."

सात वर्षांपूर्वी विणताना एक साडी वाया गेली म्हणून मी जयवंताच्या तोंडात मारली होती. मागावर आपटली, असं सगळ्यांना सांगितलं. तेव्हा कुणीच संशय घेतला नव्हता. यल्लाप्पानं चहाही घेतला होता.

जयवंता कप घेऊन आली. यल्लाप्पानं तो उचलला.

"आधी ऐक," मी म्हणालो. "सात वर्सांमागं ती मागावर आपटली न्हवती. मी मारलं होतं."

त्यानं कप खाली ठेवला. जयवंता दोन्ही डोळ्यांनी माझ्याकडं बघत होती.