दोन बोटे अंतर

मित्रांनो, मी एक जुना पितळी ओळंबा आहे. दोरीला लटकून भिंत सरळ आहे की झुकलेली, ते दाखवायचे एवढेच मला येते. तरी माझी हकीकत एका पत्रापासूनच सुरू करायला हवी. पत्र आमच्या साहेबांच्या पुतणीचे होते आणि साहेबांनी वीस दिवस त्याला उत्तर दिले नव्हते.

"काका, आम्ही एक घर पाहिलंय," तिने लिहिले होते. "शहराबाहेर, नव्या वसाहतीत. सहाच वर्षांचं. मागे एवढं मोठं आवार आहे, की यांचा पाय तिथून निघत नाही. मुलांनी तर कोपरेसुद्धा वाटून घेतलेत. आमची सगळी शिल्लक त्यात जाणार आहे, तेव्हा तुम्ही पाहिल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. फोनवर तुम्ही नुसतं हं-हं करता, म्हणून पत्र. महिनाअखेर सांगाल ना?"

साहेबांनी ते पत्र वाचत्या पुस्तकात खूण म्हणून घातले. पुस्तक संपले की ते पुढच्या पुस्तकात जाई. अशी तीन पुस्तके झाली.

माझा जन्म लेथवरचा. साहेबांचे वडील गवंडी होते. त्यांच्या पिशवीत मी तीस वर्षे काढली. मुलगा इंजिनीअर झाला तेव्हा त्यांनी मला त्याच्या हाती दिले. लोक घर घेण्याआधी साहेबांकडून ते तपासून घेत. त्यांचे काम चोख असे, पण अहवालात ओळीआड 'बहुधा'. कचेरीतले लोक पाठीमागे त्यांना 'बहुधासाहेब' म्हणत. ते साहेबांना ठाऊक होते, आणि लोकांचे बहुधा बरोबरच असेल असे त्यांना वाटे. पुढे लाल किरण टाकणारी यंत्रे आली, साहेब निवृत्त झाले आणि मी खिळ्यांच्या डब्यात गेलो. अंगावर हिरवे डाग चढले. तक्रार नाही, डबा कोरडा होता.

एकविसाव्या दिवशी डबा उघडला. साहेबांनी मला पुसले, नवी दोरी ओवली आणि आम्ही ते घर पाहायला गेलो.

घर खरोखर नीटस होते. स्वयंपाकघर, बैठक, वरच्या दोन खोल्या, सगळीकडे मी भिंतीला अलगद टेकलो, म्हणजे भिंती सरळ होत्या. घरमालक मागेमागे होतेच.

"अहो काका, सहा वर्षांचं घर! त्याच्यापेक्षा तुमचा ओळंबा म्हातारा. आधी त्याची तब्येत तपासा."

साहेब ओशाळून हसले. मग आवाराच्या बाजूची, नंतर बांधलेली खोली आली. तिथल्या कपाटाच्या दोन पायांखाली पुठ्ठ्याच्या घड्या होत्या.

"इथलं दार पावसात जरा अडतं," मालकीणबाई म्हणाल्या. "आधी इथे मोठा खड्डा होता ना, तो भरून घेतला आणि वर..."

"कुठलं दार अडत नाही गं पावसात?" मालकांनी त्यांना मध्येच तोडले.

साहेब बाहेर गेले. माझ्या दोरीचा लाकडी ठोकळा त्यांनी त्या खोलीच्या भिंतीला वर दाबून धरला आणि मला खाली सोडले. मी पायाशी टेकायला हवा होतो. टेकलो नाही. भिंतीपासून दोन बोटे लांब लटकत राहिलो. साहेबांनी तीनदा पाहिले. त्यांचा हात थरथरत होता.

"वारा आहे हो, काका," मालक म्हणाले.

"हो, वाराच असेल," साहेब म्हणाले. "किंवा माझा हात."

घरी येऊन त्यांनी लिहायला घेतले, 'घर बहुधा ठीक आहे.' मला बोलता येत असते तर तेव्हा ओरडलो असतो.

साहेब त्या ओळीकडे पाहत बसले. मग उठले आणि मला स्वतःच्या खोलीच्या भिंतीला लावले. ही भिंत त्यांच्या वडिलांनी माझ्याच साक्षीने रचली होती. हात थरथरतच होता, पण दाबलेला ठोकळा हलला नाही. मी थोडा डोललो, स्थिर झालो आणि भिंतीला अलगद टेकलो. खिडकी उघडून, वारा आत घेऊन, त्यांनी पुन्हा पाहिले. मी टेकलोच.

साहेबांनी तो कागद फाडला आणि नवा घेतला.

'घर चांगलं आहे. पण मागची खोली भरावावर उभी आहे आणि बाहेर दोन बोटं झुकली आहे. ती पाडायची तयारी असेल तरच घ्या, आणि भाव तसा बोला. भरावावर पुन्हा काही बांधू नका. मुलांनी तिथे खुशाल झाडं लावावीत. उशिराबद्दल माफ कर.'

त्यात एकही 'बहुधा' नव्हते.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला अधूनमधून पुसत जा. आणि त्याने दाखवलेले आवडले नाही म्हणून वाऱ्याला दोष देऊ नका.

मला डब्यात ठेवायचे विसरून साहेब तसेच टपालपेटीपाशी गेले. मी खिशातच होतो. पत्र आत पडल्याचा आवाज मी ऐकला. मग त्यांनी पेटीच्या फटीत बोटे घालून पाहिली. पत्र परत निघण्यासारखे नव्हते.