काढू नये अशी ओळ

“काका, चार वाजेपर्यंत एक तर ती ओळ काढायला हो म्हणा, नाहीतर पुरावा द्या. तीन आठवडे झाले. आणखी किती थांबू मी?”

प्रमुखबाई हे अगदी शांतपणे म्हणाल्या, आणि तेच वाईट होतं. त्या चिडल्या असत्या तर त्यालाही चिडता आलं असतं. वयानं त्या त्याच्याहून सोळा वर्षांनी लहान, पण टीम त्यांची. तो त्या टीममधला सगळ्यात जुना माणूस. सगळे त्याला खिडकीकाका म्हणत, तोंडावरही म्हणत. त्याला ते आवडायचं, पण आवडतं असं त्यानं कुणाला कधी कळू दिलं नव्हतं.

अठरा वर्षं तो एका ब्राउझरच्या चित्र दाखवणाऱ्या भागावर काम करत होता. घरी कुणी विचारलं, की नक्की करतोस तरी काय रे बाबा, की त्याची पंचाईत व्हायची. पडद्यावरचं पान एकसंध दिसतं, पण असतं थरांचं. मजकूर एका थरावर, व्हिडिओ दुसऱ्यावर, उघडलेला मेनू तिसऱ्यावर. हे थर एकावर एक नीट बसवायचे आणि तयार झालेलं चित्र पडद्यावरच्या खिडकीत लावायचं, सेकंदाला साठ वेळा. खिडकी कॉम्प्युटरच्या सिस्टमच्या मालकीची, आणि सिस्टम तीन प्रकारच्या. एकीला थर सुटे हवेत, दुसरीला जोडून हवेत, आणि तिसरी चित्र घेते खरी, पण लावलं की नाही ते आपल्या लहरीनं सांगते. तीन सासवांच्या हाताखाली नांदणाऱ्या सुनेची गत, असं तो म्हणायचा. बायको म्हणायची, एकीच्या हाताखाली नांदून दाखव आधी.

आता प्रमुखबाईंनी तीन सिस्टमचे तीन वेगळे कोड मोडून एकच करायला घेतला होता. काम संपत आलं होतं. आडवी आली होती ती फक्त एक ओळ, तिसऱ्या सिस्टमच्या कोडमधली, अकरा वर्षांपूर्वी त्यानं लिहिलेली. त्या काळी मोठी करायला खिडकी माऊसनं ताणली की क्षणभर काळीठिक्कर पडायची. लोकांच्या तक्रारींचा ढीग लागला होता. त्यानं महिनाभर डोकं आपटलं आणि एक ओळ घातली: नवं चित्र लागलं असं सिस्टम सांगत नाही, तोवर जुनंच दाखवत राहा. काळेपणा गेला. ओळीच्या डोक्यावर त्यानं टीप लिहून ठेवली, हे काढलं तर खिडकी काळी होते, काढू नये.

अकरा वर्षांत नऊ जणांनी ती ओळ काढायचा प्रयत्न केला आणि नऊही जणांना त्यानं परत पाठवलं. आपला तो बाब्या. दुसऱ्याच्या कोडमधली अशी ओळ त्यानं कधीच झाडून टाकली असती, हे त्यालाही ठाऊक होतं.

पण या वेळी त्याला धास्ती होती ती ओळीची नव्हे. तीन कोड होते तोवर तीन माणसं लागत होती. एक कोड झाला की किती लागतील, हे सांगायला ज्योतिषी नको. ती ओळ हा त्या कोडमधला त्याचा शेवटचा खुंटा होता. ती राहिली तर ती का आहे हे सांगायला कुणीतरी लागणार होतं. एक्कावन्नाव्या वर्षी नव्यानं कुठे जाणार आणि कुणाला काय दाखवणार, या विचारानं त्याची झोप उडाली होती.

पुरावा म्हणजे काय, तर ओळ काढल्यावर काळी पडणारी खिडकी. ऑफिसातल्या नव्या कॉम्प्युटरवर ती पडत नव्हती. त्यानं सकाळपासून साठ-सत्तर वेळा ताणून पाहिली होती. जुने कॉम्प्युटर असते तर पडलीच असती, याची त्याला खात्री होती. पण जुने कॉम्प्युटर ऑफिस हलवलं तेव्हा भंगारात गेले होते आणि भंगाराच्या यादीवर सही होती त्याचीच. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

साडेबारा वाजता त्याला ताई आठवली.

ताई त्याची मोठी बहीण. एका हॉस्पिटलच्या रक्त तपासणी विभागात बावीस वर्षं नोकरीला. त्यातली वीस वर्षं ती रिपोर्टच्या काउंटरवर होती, आता आतल्या फायलींच्या खोलीत. तिथला कॉम्प्युटर बाबा आदमच्या काळातला आहे, असं ती नेहमी रडायची. आणि होता तिसऱ्या सिस्टमचा. त्यानं ती ओळ काढलेली ब्राउझरची प्रत पेन ड्राइव्हवर घेतली आणि जेवण न करताच निघाला.

“तू? इथं? घरी बरं आहे ना सगळं?” ताईचा पहिला प्रश्न.

“बरं आहे गं. तुझा कॉम्प्युटर हवाय अर्धा तास.”

“कशाला?”

“नोकरी वाचवायला.”

ताईनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुढं काही विचारलं नाही. तिनं खुर्ची सोडली, दार लोटलं आणि म्हणाली, “साहेब जेवायला गेलेत. दोनच्या आत उरक. आणि जेवलेला दिसत नाहीस, हा डबा खा.”

खोलीत छतापर्यंत फायली होत्या आणि एकच लांबट खिडकी. कॉम्प्युटर सुरू व्हायलाच चार मिनिटं लागली. त्याला अगदी हायसं वाटलं. जितका जुना तितका बरा. त्यानं ओळ काढलेली प्रत चालू केली, पडद्यावरच्या खिडकीची कड पकडली आणि ताणली.

काळी पडली नाही.

त्यानं जोरात ताणली, हळू ताणली, कोपऱ्यातून ताणली. दहा वेळा, वीस वेळा. चित्र स्वच्छ येत होतं. म्हणजे प्रमुखबाई बरोबर होत्या. सिस्टमनं मधल्या काळात आपली चूक कधीतरी सुधारून घेतली होती आणि तो अकरा वर्षं रिकाम्या घराला राखण बसला होता.

“वाचली का नोकरी?” ताईनं विचारलं.

“नाही वाचत. थांब, एकदा तुझा रोजचा ब्राउझर बघू दे. त्यात ती ओळ आहे. तू नेहमी करतेस तसं काहीतरी करून दाखव.”

“करू काय? माझाच रिपोर्ट उघडते.” तिनं नंबर टाकला आणि स्वतःचा मागच्या वर्षीचा रिपोर्ट उघडला. “आता आईचा बघ.” तिनं दुसरा नंबर टाकला, बटण दाबलं, आणि लगेच माऊस दोनदा उजवीकडे-डावीकडे हलवला. आईचा रिपोर्ट आला.

“माऊस का हलवलास?”

“असंच. हलवला की येतं लवकर.”

“आणि नाही हलवला तर?”

“तर जुनंच दिसत राहतं कधीकधी. इथं सगळेच हलवतात रे. नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात.”

तो खाता खाता थांबला. त्यानं डबा बाजूला ठेवला. “परत कर. पण या वेळी हात मांडीवर ठेव.”

तिनं नंबर टाकला, बटण दाबलं आणि हात मांडीवर घेतले. पानावर ताईचंच नाव होतं. तिचं वय, तिचे आकडे. आत आईचा रिपोर्ट आलेला होता आणि वर काच लावल्यासारखं जुनं चित्र तसंच होतं. दहा सेकंद. वीस. दोघं भावंडं त्या पडद्याकडे बघत बसली. मग त्यानं बोटानं माऊसला जरासा धक्का दिला आणि आईचं नाव उमटलं.

त्यानं ओळ काढलेली प्रत लावली आणि तेच करून पाहिलं. क्षणात आईचं नाव. पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच.

आता त्याला सगळं दिसलं. सिस्टम सुधारली होती, पण चित्र लागल्याचा निरोप मात्र आता काहीतरी हललं तरच द्यायची. आणि त्याची ओळ त्या निरोपाची वाट बघत जुनं चित्र धरून बसायची. इतक्या वर्षांत हे त्याला कधी दिसलं नाही, कारण तो तपासायचा कसा? खिडकी ताणून. आणि ताणायची तर माऊस हलणारच. माणूस नंबर टाकतो, बटण दाबतो आणि हात बाजूला ठेवून निमूट वाचतो, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“ताई,” तो म्हणाला, “दोन वर्षांपूर्वी ते जे झालं, तेव्हा माऊस हलवला होतास?”

त्या प्रसंगाबद्दल घरात कुणी बोलत नसे. काउंटरवर एक माणूस आला होता, रिपोर्ट कसा आहे ते तोंडी सांगा म्हणाला. गर्दी होती. ताईनं पडद्यावर बघून सांगितलं, सगळं ठीक आहे, जा घरी. त्याचं रक्त अर्ध्यावर आलं होतं. तिसऱ्या दिवशी तो जिन्यात चक्कर येऊन पडला आणि हात मोडून घेतला. जीव वाचला एवढंच. ताईनं जे वाचलं तो आधीच्या माणसाचा रिपोर्ट होता. चौकशी झाली आणि तिला काउंटरवरून उचलून या खोलीत टाकलं.

“एका हातात फोन होता,” ती शेवटी म्हणाली. “दुसऱ्यात पेन.”

“म्हणजे नव्हता हलवला.”

“नाव मी बघितलं नाही, हे माझं चुकलं. पण आकडे मी वाचलेच होते रे. डोळ्यांनी वाचले होते. चौकशीत उघडून दाखवलं तर आकडे वेगळे. मला वाटलं, माझंच डोकं फिरलं. डोळे तपासून घेतले, डोक्याचा फोटो काढून घेतला. तूच म्हणालास, ताई, वय झालं, आता जपून.”

म्हणाला होता. जेवताना, सगळ्यांसमोर, मायेनं. ते आठवून त्याला स्वतःचा इतका राग आला, की खुर्चीत बसवेना. नोकरीची धास्ती क्षणभर कुठल्या कुठे गेली आणि तिच्या जागी लाज येऊन बसली.

“तुझं डोकं ठीक होतं, ताई. तू जे वाचलंस ते तिथं होतं. ते मी ठेवलं होतं. माझी ओळ आहे ती. अकरा वर्षं मी कुणाला हात लावू दिला नाही तिला.”

ताईनं ते ऐकून घेतलं. मग तिनं सावकाश विचारलं, “म्हणजे मला दिसलं ते खरंच दिसलं होतं?”

“खरंच.”

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि बराच वेळ टेबलाची कड धरून उभी राहिली. रडली नाही.

“मी लिहून देतो,” तो म्हणाला. “तुझ्या साहेबांना. कंपनी काय म्हणायचं ते म्हणेल. तुला काउंटरवर परत घ्यायला हवं.”

“साहेबांचं नंतर बघू.” ती घड्याळाकडे बघत होती. “तो माणूस अजून येतो. दर बुधवारी, रक्त तपासायला. तो आला की मी या खोलीचं दार लावून घेते. आज बुधवारच आहे.”

“मी लिहून देतो, तू त्याला दाखव.”

“लिहून कशाला? तोंड आहे ना तुला?”

अठरा वर्षांत त्यानं ब्राउझरचा फटका बसलेला अनोळखी माणूस समोर बसलेला पाहिला नव्हता. तक्रारी यायच्या त्या नंबर होऊन यायच्या. बाहेर बाकावर जायचं त्यानं जरा लांबवलं. आधी त्यानं प्रमुखबाईंना फोन लावला.

“काढा ती ओळ,” तो म्हणाला. “आजच काढा. ती नुसती निरुपयोगी नाही, चुकीची आहे. कशी चुकीची आहे ते मी लिहून पाठवतो, माझ्या नावानं.”

“काका, बरं वाटतंय ना तुम्हाला?”

“नाही,” तो म्हणाला आणि फोन ठेवला.

अडीच वाजता तो माणूस आला. साठीचा, किरकोळ, कोपर पुरतं सरळ न होणारा. ताईला बघून तो बाकावरून उठायला लागला. बहुधा दुसरीकडे जाऊन बसणार होता.

“बसा,” ताई म्हणाली. “हा माझा भाऊ. त्याला तुमच्याशी बोलायचंय.”

तो बोलला. थर, सिस्टम, निरोप, सगळं जीभ अडखळत सांगितलं आणि मग लक्षात आलं, की यातलं काहीच त्या माणसाला कळत नाहीये. मग तो थांबला आणि म्हणाला, “त्या दिवशी यांच्या पडद्यावर दुसऱ्याचा रिपोर्ट अडकून राहिला होता. तो माझ्या कामातल्या चुकीमुळे. यांनी दिसलं ते वाचलं. तुमचा हात माझ्यामुळे मोडला.”

त्या माणसानं आपल्या हाताकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. “दोन वर्षं लागली का हो सांगायला?”

“मला आजच कळलं.”

“आणि आता होणार नाही तसं?”

“महिन्याभरात सगळीकडची चूक निघेल. तोवर होऊ शकतं. मी काउंटरवर सांगून जातो.”

“हं,” तो माणूस म्हणाला. माफ केलं असं म्हणाला नाही, आणि ते ऐकायची अपेक्षा करायचा हक्क आपल्याला नाही, हे ताईच्या भावाला कळत होतं. काउंटरवरून नंबर पुकारला. तो माणूस गेला, छापलेला रिपोर्ट घेऊन परत आला आणि बाकासमोर उभा राहिला. चष्मा त्यानं आणला नसावा. कागद लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. मग तो ताईपुढे केला.

“बाई, जरा वाचून सांगता?”

ताईनं दोन्ही हातांनी कागद घेतला. तिनं आधी नाव वाचलं, मोठ्यानं, आडनावासकट, आणि त्या माणसाकडे पाहिलं. त्यानं मान हलवली. मग वय वाचलं. त्यानं मान हलवली. मग आजची तारीख. बोट खाली सरकवत ती पहिल्या आकड्यावर आली.