पाळकांच्या अक्षरातली वही

भवानीनगरच्या छोट्या चर्चचे पाळक रावजी साळवे त्या रविवारी निवृत्त होणार होते. त्यांना बारामतीला आपल्या घरी न्यायचं म्हणून त्यांची लेक वृषाली शनिवारी सकाळीच सामान बांधायला आली. पुस्तकांच्या पेटीत तळाला एक जुनी वही निघाली. पाळक होण्यासाठी सेमिनरीत शिकताना पप्पांनी लिहिलेली.

'बायबलातली मोशेची म्हणून ओळखली जाणारी पहिली पाच पुस्तकं एका हातची दिसत नाहीत. 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकात जगनिर्मितीच्या दोन निराळ्या हकिकती आहेत. 'अनुवाद' या पाचव्या पुस्तकाच्या शेवटी खुद्द मोशेचं मरण आणि मूठमाती आहे. ती त्यानं कशी लिहावी? पुष्कळ जणांनी, कित्येक पिढ्यांत लिहून, जुळवून हे ग्रंथ झाले असावेत.' खाली गुरुजींचा तांबडा शेरा: 'उत्तम.'

वृषालीनं ते पान पुन्हा वाचलं.

दहा वर्षांची असताना तिनं संडे स्कूलमध्ये नेमकं हेच विचारलं होतं. "मोशेनं स्वतःचं मरण कसं लिहिलं?" पप्पांनी तिला सगळ्या मंडळीसमोर उभं करून माफी मागायला लावली. सैतानानं कान भरलेत, म्हणाले. पुढं कॉलेजात जिवलग मैत्रिणीनं हाच मुद्दा काढला, तर वृषालीनं तिच्याशी बोलणंच टाकलं. पप्पांसाठी.

वही घेऊन ती ओट्यावर आली. "पप्पा, तुम्हाला ठाऊक होतं?"

रावजींनी पानं चाळली. "व्हय," ते हळूच म्हणाले. "पण कारखान्यात राबून चर्चला येणारी माणसं ही. त्यांचा आधार कसा काढून घेऊ?"

"आणि मी? मी तर पोर होते."

रावजींनी वही मिटली. "उद्या शेवटचा उपदेश हाय. सगळ्यांसमोर सांगतो. तुझी माफीबी मागतो. शब्द देतो, बाई."

रविवारी ती पहिल्या बाकावर बसली. रावजींनी बायबल उघडलं, ओळखीच्या तोंडांवरून नजर फिरवली, फक्त तिला चुकवलं. "देवाचा सेवक मोशे यानं स्वतःच्या हातानं लिहिलंय..."

वृषाली उठून भर सभेतून बाहेर गेली. कुणी हाक मारली नाही.

दुपारी टेम्पोत सामान चढलं. ठरल्याप्रमाणे तिनं त्यांना घरी आणलं. त्यांना ती वेळेवर जेवायला वाढते, गोळ्या देते. संध्याकाळी ते प्रार्थनेला बोलावतात, तेव्हा आतूनच म्हणते, "तुमचं चालू द्या."